नऊ किलोची क्रेन

देवानंदच्या उजव्या मनगटात एक प्लेट आणि चार स्क्रू होते. ते बसवणाऱ्या जालन्याच्या डॉक्टरनं त्याला सरळच सांगितलं होतं, "याच जागी आणखी एकदा मार बसला तर हा हात फक्त शोभेला. घड्याळ बांधता येईल, बाकी काही नाही."

देवानंद भोकरदनला लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. घड्याळ त्याच्याकडं नव्हतं.

हात मोडला हसनाबादच्या एका लग्नात, आणि मोडला त्याच्याच क्रेननं. ही क्रेन म्हणजे तातेराव वेल्डरनं नव्व्याण्णव साली बोअरच्या पाइपातून बनवलेली चौदा फुटी वस्तू. पुढच्या टोकाला कॅमेरा, मागच्या टोकाला तोल राखायला बाजारातली दहा-दहा किलोची वजनं, मध्ये ट्रॅक्टरचं बेअरिंग आणि खाली चार चाकं, त्यातली तीन फिरायची. सगळं मिळून सव्वा क्विंटल. मागचं टोक दाबलं की पुढं कॅमेरा आभाळात जायचा, सोडलं की मांडवातल्या माणसांवर घारीसारखा उतरायचा. दाबायचं काम मल्हारीचं. मल्हारी पंचेचाळिशीचा, तीस वर्षं मेंढरं वळून मग शूटिंगच्या धंद्यात आलेला. क्रेन दाबताना तो बेंबीच्या देठापासून असा "हूंऽऽ" करायचा की अंतरपाटामागची नवरीसुद्धा मान वळवून बघायची.

ही क्रेन आली आणि दोन वर्षांत तालुक्याच्या मानपानात शिरली. सुपारी फोडायच्या बैठकीत यादी व्हायची, त्यात टोपी-टॉवेल, फेटे, आहेर यांच्या खाली एक ओळ वाढली. नवरदेवाच्या मामाला क्रेन दोन. नवरीच्या चुलत्याला क्रेन दोन. थोरल्या जावयाला दीड. दीड म्हणजे कॅमेरा वरून यायचा, जावयापाशी थांबायचा आणि परत वर न जाता तिथूनच दुसऱ्या कोणाकडं वळायचा. या अर्ध्यावरून एक जावई विहिरीत उतरून बसला होता. उरलेली अर्धी क्रेन विहिरीच्या काठावर आणून त्याला वरून दाखवली तेव्हा तो बाहेर आला.

हसनाबादला नवरीच्या मावसाची क्रेन राहिली. कॅमेऱ्याचा सेल संपला होता, दुसरं काही नाही. मावसा म्हणाला, "माझ्याच टायमाला बरा संपला सेल!" यावर पलीकडचं कोणीतरी हसलं आणि पाच मिनिटांत चाळीस माणसं एकमेकांच्या उरावर बसली. दोघांनी क्रेनचा दांडा बेअरिंगमधून उपसला आणि मांडवात गरागरा फिरवला. पहिल्या फेरीत सहा माणसं, दोन मेढी आणि एक सनईवाला आडवा झाला. देवानंदनं कॅमेरा आधीच काढून छातीशी धरला होता आणि त्याच्यावर उजवा हात आडवा घातला होता. दुसऱ्या फेरीत दांडा तिथं आला.

कॅमेऱ्याला ओरखडासुद्धा आला नाही.

तीन महिने हात प्लास्टरमध्ये होता. त्याची आई गिरिजाबाई त्याला घास भरवायची. भिंतीला गिलावा मारावा तसा भरवायची.

"अठ्ठावीस वर्षांचा घोडा!" ती म्हणायची. "माझ्यामागं कोन भरवीन तुला?"

"लग्न करीन ना मंग."

"कोन देईन पोरगी? तुला नाडी बांधायला मानूस लागतं." आणि तोंडातला घास खाली गेला नाही म्हणून पाठीत एक दणका.

त्या तीन महिन्यांत देवानंदला एक गोष्ट पक्की कळली. हात गेला तर धंदा जाईल ते जाईल, पण आई आहे तोवर आपण जेवणानंच मरू.

प्लास्टर निघालं तेव्हा दोन हजार दोनचा वैशाख तोंडावर आला होता आणि राजूरचं एक मोठं लग्न ठरलं होतं. नवरीकडच्यांनी निरोप पाठवला: क्रेन नसेल तर येऊ नको. हसनाबादला बेअरिंग निखळून जुनी क्रेन कामातून गेली होती, आणि तातेराव वेल्डर नवी करून द्यायला एका पायावर तयार होता.

"औंदा डबल जाडीचा पाइप टाकतो," तो म्हणाला. "हत्ती बसला तरी मोडनार न्हाई."

"पाइप कुठं मोडतो, तातेराव? मी मोडतो."

"मंग तू जाड हो."

देवानंदनं पुष्कळ विचार केला. क्रेनशिवाय लग्न नाही. भांडणाशिवाय क्रेन नाही. भांडणात माणूस आधी हाताशी असलेली लांब वस्तू उचलतो, आणि मांडवात सगळ्यात लांब वस्तू क्रेनच. म्हणजे मार तर क्रेनचाच बसणार. मग क्रेनच अशी घ्यावी की बसली तरी हाड मोडू नये. हा हिशेब त्याला इतका बिनचूक वाटला की त्यानं तो मल्हारीला दोनदा सांगितला. मल्हारी म्हणाला, "बराबर हाय." मल्हारी खोटं कधी बोलत नसे. न समजलेल्या गोष्टीलाही तो खरंच बराबर समजायचा.

दोघं सकाळच्या बसनं औरंगाबादला गेले. तिथं कॅमेऱ्याच्या सामानाचं एक दुकान होतं. दुकानाचे शेठ गोरे, गुबगुबीत आणि मालावर मनापासून प्रेम करणारे. त्यांनी तीन नमुने मांडून ठेवले होते आणि क्रेनला ते जिब म्हणत.

"हा बघा, बारा फुटी, लोखंडी, एकदम मजबूत. हा दुसरा दहा फुटी, अ‍ॅल्युमिनियमचा, चौकोनी नळी. आणि हा तिसरा, आठ फुटी, घडीचा. पूर्ण वजन नऊ किलो. खांद्याला अडकवा, बसमध्ये बसा, चार मिनिटांत उभा. आता तुम्हाला पॅन कसा पाहिजे, लोड किती..."

"पाठीत बसला तर काय होतं?" देवानंदनं विचारलं.

शेठ थांबले. "कोणाच्या?"

"माझ्या."

"जिब पाठीत कशाला बसेल?"

"तुमी गिऱ्हाइकाला शहरातलं समजून राह्यले," देवानंद म्हणाला, आणि शर्ट काढून दुकानातल्या स्टुलाला धरून ओणवा झाला. "मल्हारी, पयला."

मल्हारीनं बारा फुटीची लोखंडी नळी सोडवून घेतली आणि मारली. देवानंदला थोडा वेळ काही दिसलं नाही. मग दुकानाची फरशी दिसली, अगदी जवळून.

"ही न्हाई," तो फरशीवरून म्हणाला.

दुसरी जरा बरी होती. तिच्या चौकोनी नळीची धार कातडीत शिरली आणि कमरेपर्यंत रक्ताची एक सरळ रेघ उतरली, पण हाड शाबूत होतं. देवानंदनं बरगड्या चाचपून मोजल्या, सगळ्या होत्या. मग मल्हारीनं घडीच्या जिबची नळी काढली. ती हातात येताच त्याचं तोंड पडलं. "देवानंदभाऊ, हिच्यात जीवच न्हाई." त्यानं मारली. फट् असा आवाज झाला.

"आनखी मार."

फट्.

"म्हशीनं शेपूट मारल्यावानी वाटतं," देवानंद म्हणाला. त्याचा चेहरा कित्येक महिन्यांनी उजळला होता. "हीच."

इथवर शेठनी सगळं गुमान पाहिलं होतं. पण आपल्या दुकानातल्या मालात जीव नाही हे त्यांच्या जिव्हारी लागलं. "जीव नाही म्हणजे? तुम्हाला मारताच येत नाही! आणा इकडं!" त्यांनी मल्हारीच्या हातातून नळी हिसकली, बाह्या सारल्या आणि देवानंदच्या पाठीवर सटासट चार ओढल्या. आपल्या माणसाला परका मारून राह्यला हे पाहून मल्हारीनं शेठच्या कानाखाली एक ठेवून दिली. शेठ काउंटरच्या बाहेरून आत गेले, ते काउंटरवरून. वरच्या फळीवरचे फ्लॅश त्यांच्यामागोमाग गेले.

शेठनी खाली बसल्या बसल्या ओठाचं रक्त पुसलं, तुटलेला दात तळहातावर घेऊन पाहिला, खिशात ठेवला.

"मग घेताय ना?" ते म्हणाले.

राजूरचं लग्न बारा पस्तीसचं होतं. मांडवात दोन माणसं महत्त्वाची. एक काकासाहेब, नवरीचे चुलते, साठीचे, दारातल्या जात्यासारखे बसणारे. दुसरे बद्रीनाथ, नवरदेवाचे मामा, मिशा पिळून पिळून बोटाला घट्टे पडलेले. यादीत दोघांच्या नावापुढं क्रेन दोन-दोन. व्याही दोन्हीकडचे कसेही असोत, मान या दोघांचा होता आणि दोघांनीही तो घ्यायला सकाळपासून फेटे बांधले होते.

देवानंदनं खांद्यावरची पिशवी उघडली आणि चार मिनिटांत जिब उभा केला. मागच्या टोकाला पाच किलोचं एक वजन अडकवलं. त्या टोकापाशीच छोटा टीव्ही बांधलेला होता, त्यात कॅमेऱ्यातलं चित्र आणि कॅसेट किती उरली ते दिसायचं. माणसं जमली. कोणी म्हणालं सायकलचा पंप आहे, कोणी म्हणालं लोखंडाची क्रेन येते मागून, हे तिचं लेकरू. मल्हारीला करायला काहीच उरलं नव्हतं. तो हाताची घडी घालून उभा राहिला, आणि माणसांनी त्याला पाहुणा समजून टोपी घातली.

पहिली क्रेन बद्रीनाथची. देवानंदनं मागच्या टोकाला बोट लावलं. कॅमेरा लोण्यातून सुरी जावी तसा वर गेला, वळला, बद्रीनाथच्या मिशांवर उतरला, थांबला, परत गेला. सव्वा क्विंटलच्या क्रेनला असं सात जन्मात जमलं नसतं. देवानंदच्या अंगावर काटा आला. हाताला कळ नाही, की ओढ नाही. त्यानं तसंच काकासाहेबांकडं वळवलं. कॅमेरा उतरला, थांबला, परत गेला.

काकासाहेब उठून उभे राहिले.

"देवानंद, हे काय करून राह्यला?"

"क्रेन, काका. एक झाली तुमची."

"एका बोटानं?"

"हलकी हाय ना काका, नवी घेतली."

"माझा मान हलका हाय म्हून हलकी आनली का? आरं, आजवर दोन मानसं घाम गाळायची तव्हा क्रेन हलायची. त्यो मल्हारी हूं करायचा. सगळा मांडव बघायचा का कोनासाठी चाललंय. आन आज? कानातला मळ काढल्यावानी एक बोट?"

"बद्रीनाथमामाला बी एकच लावलं, काका."

"दोन लावल्ते. म्या मोजले."

बद्रीनाथनी मिशीवरचा हात काढला नाही. "दोन काय, तीन लावले असतील," ते म्हणाले. "ज्याची त्याची योग्यता."

आता देवानंदच्या डोक्यात प्रकाश पडला. हे गणित त्यानं चुकीच्या बाजूनं सोडवलं होतं. त्याला क्रेनमधलं वजन नको होतं, आणि मानाचं सगळं वजन नेमकं त्यातच होतं. त्यानं घाईनं मल्हारीला बोलावलं. "दोन्ही हातांनी दाब. जीव खाऊन. हूं कर."

मल्हारी आला. त्यानं धोतर खोचलं, तळहातावर थुंकला आणि पाच किलोच्या वजनाला दोन्ही हातांनी असा भिडला की जणू म्हशीचं अडलेलं रेडकू ओढतोय. "हूंऽऽऽऽ!" कॅमेरा बंदुकीतून सुटल्यासारखा वर गेला, मांडवाचं कापड फाडून बाहेर निघाला आणि क्षणभर राजूरचं आभाळ शूट करून काकासाहेबांच्या फेट्यावर आदळला. फेटा सुटून गळ्यात आला. बायकांची बाजू हसली. बद्रीनाथ तर मांडी थोपटून हसले.

काकासाहेबांनी शेजारच्या वाढप्याच्या हातातला झारा घेतला आणि बद्रीनाथच्या हसत्या तोंडावर मारला.

पुढचं सगळं ओळखीचं होतं. समोरचा दात गिळून बद्रीनाथनी काकासाहेबांच्या पोटात डोकं घातलं. नवरीच्या भावानं नवरदेवाच्या भावाला मांडवाच्या मेढीवर तीन वेळा आपटलं, चौथ्या वेळी मेढच आली. एकानं दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला आणि बुंदीत थुंकला. भटजी स्टेजखाली शिरले आणि तिथून मुहूर्त टळतोय, मुहूर्त टळतोय असं ओरडत राहिले. कॅसेटा ठेवलेल्या पिशवीवर बद्रीनाथचा एक दणकट मेव्हणा बेशुद्ध होऊन पडला. देवानंद मात्र शांत उभा होता. त्याला ठाऊक होतं आता काय होणार. काकासाहेबांचा पुतण्या धावत आला, त्यानं जिबची नळी धरली, उपसायला हलवली. देवानंद मनात म्हणाला, घे बाबा, मार.

पुतण्यानं नळीचं वजन हाताला अजमावलं. तोंड वाकडं केलं. नळी सोडून दिली, आणि आचाऱ्याच्या चुलीतून बाभळीचा पेटता ओंडका ओढून आणला.

देवानंदनं तीन जिब अंगावर तपासले होते. ओंडका तपासला नव्हता. उजवा हात वाचवायला त्यानं डावा आडवा केला. काड् असा आवाज आला, आणि कोपराखालचा हात जिथं वाकायला नको तिथं वाकला. जळलेल्या केसांचा वास आला. तो जिबच्या मागच्या टोकावर कोसळला, आणि त्याच्या उजव्या हाताच्या भारानं पुढं कॅमेरा अलगद उचलला गेला.

पुतण्यानं दुसऱ्या घावासाठी ओंडका डोक्यावर नेला होता. तेवढ्यात त्याला वरून कॅमेरा येताना दिसला. हळूहळू, सरळ त्याच्याच तोंडावर. यादीत त्याचं नाव कुठंच नव्हतं. आयुष्यात त्याला पाव क्रेनसुद्धा मिळाली नव्हती. त्यानं ओंडका खाली केला, शर्टाची कॉलर सारखी केली, केसांवरून हात फिरवला आणि छाती काढून उभा राहिला. कॅमेरा आला, थांबला, परत गेला.

"झाली?" त्यानं विचारलं.

"झाली," देवानंद दात खाऊन म्हणाला.

"एक नंबर," पुतण्या म्हणाला, आणि वळून बद्रीनाथच्या साडूच्या डोक्यात ओंडका घातला.

देवानंदचा डावा हात लोंबत होता, पण नऊ किलोला एक हात पुष्कळ होता. तातेरावची क्रेन असती तर तो आता कुठंतरी खाली पडून लाथा खात असता. त्यानं पुढच्या माणसावर कॅमेरा नेला. तो माणूस दुसऱ्याचा गळा दाबत होता. कॅमेरा आल्यावर त्यानं एका हातानं दाबणं चालू ठेवून दुसऱ्या हातानं मिशी फिरवली. खालचा माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, "माझं बी तोंड येऊ दे." दोघांनी मिळून जागा केली.

दोन मिनिटांत मारामारीला वळण लागलं. ज्याच्यावर क्रेन येई तो नीट उभा राहून मारी, आणि ज्याला मारायचा तोही खांद्यावरचं उपरणं नीट करून घेई. बाकीचे नंबर लावून थांबत. "आपल्याला किती झाल्या?" "त्यांच्या चार, आपल्या तीन." "मंग हान जल्दी!" बद्रीनाथच्या छातीवर एक जण बसला होता, त्याला ते म्हणाले, "दोन मिंट. फेटा बांधू दे." तो उठून उभा राहिला, फेट्याचं दुसरं टोक धरून मदत केली, कॅमेरा उतरला तसा परत छातीवर बसला आणि ठोसे मारू लागला. एका बोटाबद्दल आता कोणाची काहीच तक्रार नव्हती.

आणि देवानंदच्या उजव्या हाताला कोणी हात लावत नव्हतं. ओंडके, झारे, मेढी त्याच्या अंगापासून एक-एक फुटावरून जात. ज्या हातातून मान मिळतो तो कोण मोडणार? त्याला एवढंच कळत होतं की हा हात हलतोय तोवर वाचतोय.

टीव्हीवर कॅसेट दहा मिनिटं उरलेली दिसली. मग चार. मग एक. नवी कॅसेट पिशवीत, पिशवी मेव्हण्याखाली. शेवटी आकडा लुकलुकला आणि विझला. देवानंदनं चेहऱ्यावरची सुरकुती हलू दिली नाही. काकासाहेबांची दुसरी क्रेन घेतली, बद्रीनाथची घेतली, पुतण्याची घेतली, आचाऱ्याचीसुद्धा घेतली. सगळ्यांनी पोज दिली, सगळ्यांनी रक्त पुसलं. कॅमेऱ्यात काहीच जात नव्हतं.

मल्हारी टीव्हीजवळ आला. आकडा विझल्यापासून तो लांबून बघत होता, आता वाकून खात्री केली. मग मेंढरांना हाक मारायच्या खणखणीत आवाजात म्हणाला, "देवानंदभाऊ, कॅसेट संपली जी!"

मांडव थांबला. उचललेले हात तसेच वर राहिले.

"कव्हा संपली?" काकासाहेबांनी विचारलं. त्यांच्या एका डोळ्याची फट झाली होती, दुसऱ्यानं ते बघत होते.

"आत्ताच, काका," देवानंद म्हणाला.

"न्हाई न्हाई," मल्हारी म्हणाला. "तुमच्या दुसऱ्या क्रेनच्या आधीच संपल्ती."

काकासाहेब चालत आले. वाटेत त्यांनी पुतण्याच्या हातातला ओंडका घेतला. त्यांच्यासाठी माणसं बाजूला झाली. ते देवानंदच्या समोर उभे राहिले आणि त्यांची नजर जिबवर ठेवलेल्या उजव्या हाताकडं गेली.

देवानंदनं उजवा हात जिबवरून काढला आणि पाठीमागं पॅन्टीत खुपसला. लोंबता डावा हात खांद्यानं उचलून पुढं केला.

"ह्याच्यावर मारा, काका."

"ह्यो तं मोडेलच हाय."

"म्हूनच."

"आन त्यो मागचा कामून लपवून राह्यला?"

"त्यो कॅसेट बदलायला पाहिजे," देवानंद म्हणाला.

काकासाहेबांनी विचार केला. सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता आणि क्रेन बंद होती. त्यांनी ओंडका डाव्या हातावर मारला, एकच, पण पुरता. देवानंदचे डोळे पांढरे झाले, गुडघे टेकले, पण मागचा हात पॅन्टीतून बाहेर आला नाही.

मग काकासाहेबांनी ओंडका टाकला, बद्रीनाथला म्हणाले, "धरा मामा, तिकडून पाय धरा," आणि दोघांनी मिळून बेशुद्ध मेव्हण्याला पिशवीवरून उचलून बाजूला ठेवलं. देवानंदनं नव्या कॅसेटचं प्लॅस्टिक दातांनी फोडलं. उजव्या हाताची पाचही बोटं हलत होती. कॅसेट खटकन आत बसली.

"पयल्यापासून घे," काकासाहेब म्हणाले, आणि गळ्यातला फेटा पुन्हा डोक्याला गुंडाळू लागले.